घोडा लंगडतोय पण दुखतंय कुठे ते कळत नाही? आम्ही यायच्या आधी हे वाचा

पाचगणी-महाबळेश्वरच्या आमच्या घोडेवाल्यांचा फोन बहुतेक असाच येतो, "डॉक्टर, खांदा भरलाय, इंजेक्शन दिलंय, तरी एकदा बघून जा." आम्ही पोचतो तेव्हा घोडा नीट चालत असतो, कारण इंजेक्शन दिलेलं असतं.

म्हणून कळकळीची विनंती, मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन किंवा मेडिकलवाल्याने दिलेलं दुखण्याचं कुठलंही औषध आम्ही बघेपर्यंत देऊ नका. दुखणं दबलं की लंगडणं दबतं आणि आम्हाला पाय शोधायला तेवढी एकच खूण असते, ती गेली की औषध उतरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबा, परत बोलवा, परत खर्च, आणि तोवर बरा दिसतोय म्हणून त्याच्यावर गिऱ्हाईक बसवलं की आतलं दुखणं वाढतं. आधीच दिलं असेल तर लपवू नका, कुठलं, किती आणि कधी तेवढं सांगा. घोडा पाय टेकवतच नसेल तर मात्र वाट बघू नका, जागेवर उभा ठेवा आणि लगेच फोन करा, औषधाचं आम्ही फोनवरच ठरवू.

आता खांद्याचं. पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचं दुखणं बहुतेक वेळा खुरात निघतं. अंगाचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यात टेबललँडचा जांभा दगड. खूर दुखलं की घोडा पाऊल आखूड टाकतो, बरेच दिवस तसंच चाललं तर खांद्याचं मांस उतरतं, मग सगळे खांद्यालाच तेल चोळत बसतात. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत लंगडायला लागला असेल तर पहिला संशय खिळ्यावर घ्या.

सकाळी मोकळ्या डांबरी रस्त्यावर दोर सैल सोडून सरळ दुडकी काढा आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पुढून, मागून, बाजूने. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं, मागच्या पायाचं असेल तर त्या बाजूचं पुठ्ठं जास्त वरखाली होतं. दोन्ही पुढचे पाय दुखत असले तर डोकं हलतच नाही, पावलं नुसती आखूड पडतात, अशा घोड्याला लोक आळशी म्हणतात आणि बिचारा मार खातो.

"नुसतं बघायला एवढा वेळ आणि एवढे पैसे?" असं विचारतात. बघूनही जागा कळली नाही तर आम्ही पाय खालून वर टप्प्याटप्प्याने बधिर करतो, प्रत्येक टप्प्यानंतर थांबतो आणि परत पळवून बघतो, ज्या टप्प्याला लंगडणं थांबतं तिथे दुखणं. एकदम वरून बधिर केलं तर खालचं सगळंच झोपतं, कळत काहीच नाही. घाई केली तर एक्स-रे भलत्याच जागेचा निघतो आणि ते पैसे तुमचेच जातात.

आणि आम्ही येतोय म्हणून नाल आधी काढून ठेवू नका, घोडा नालेसकट पळताना बघायचा असतो. आमचा नालबंद सोबत येतो, काढायची वेळ आली तर तो काढेल, खूर तासेल आणि त्याच फेरीत नवी नाल बसवून देईल.