इनकमिंगच्या पैशांपासून २८ दिवसांच्या महिन्यापर्यंत

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. त्यामुळे माणसं नंबर बघून फोन कट करायची आणि जवळच्या पीसीओवरून उलटा फोन लावायची. आपल्याकडे मिस्ड कॉल रुळायला हेही एक कारण.

फोनसाठी तेव्हा कायदा होता तो १८८५ चा, टेलिग्राफच्या तारांसाठी केलेला. दरांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्था ‘ट्राय’ आली १९९७ मध्ये, आणि तंट्यांसाठी ‘टीडीसॅट’ हे न्यायाधिकरण २००० मध्ये. पण दर खाली यायला वाट मोकळी केली ती १९९९ च्या धोरणाने: ठरलेल्या भल्यामोठ्या परवाना शुल्काऐवजी कंपन्यांनी सरकारला उत्पन्नातला वाटा द्यायचा. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि त्याची आठवण सगळ्यात कमी काढली जाते.

२००३ मध्ये ‘फोन लावेल तो पैसे देईल’ हे तत्त्व आलं आणि इनकमिंग फुकट झालं. मग फोन घेणाऱ्याच्या कंपनीचा खर्च कोणी द्यायचा? फोन लावणाऱ्याच्या कंपनीने. हा दर २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४ आणि २०१७ मध्ये ६ पैसे झाला. तोपर्यंत हा कंपन्यांचा आपसातला हिशेब होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलचे ६ पैसे ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तो घरोघरी कळला. १ जानेवारी २०२१ पासून हा दर शून्य आहे.

सर्कलची, म्हणजे परवान्यासाठी पाडलेल्या विभागांची, भानगड मराठी माणसाने चांगलीच सोसली. मुंबई एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसरं. मुंबईचं सिम घेऊन घाट चढला की रोमिंगचे जादा पैसे सुरू व्हायचे.

पोस्टपेड बिलात भाड्याखाली सीजीएसटी (केंद्राचा कर) ९ टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा कर) ९ टक्के अशा दोन ओळी दिसतात. टेलिफोनवर सेवाकर बसला १९९४ मध्ये, तेव्हा तो ५ टक्के होता. जुलै २०१७ पासून जीएसटी १८ टक्के, म्हणजे ३०० रुपयांवर ५४. प्रीपेडच्या किमतीत तो आधीच धरलेला असतो, म्हणून दिसत नाही.

न मागता सुरू होणाऱ्या कॉलर ट्यून, जोक, राशिभविष्य यांनी बॅलन्स खायचा. २०१३ पासून ग्राहकाची दुबार संमती घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही. पैसे कापले गेले तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावं. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, हे अनेकांना खूप उशिरा कळतं.

मला सगळ्यात खटकतो तो २८ दिवसांचा ‘महिना’. वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज मारावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असा किमान एकेक पर्याय ठेवलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसची व्हाउचरं सक्तीची झाली, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरात कोणी कीपॅडचा फोन वापरत असेल, तर पुढच्या रिचार्जला दुकानदाराकडे हेच व्हाउचर नाव घेऊन मागा.