नोटीस न देता सोडलेली नोकरी आणि अडलेला हिशोब : पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या फाउंड्रीतला एखादा कामगार अचानक यायचा बंद होतो. आठवड्याने कळतं, तो महाराष्ट्रातल्या कागलच्या एमआयडीसीत लागला. मागे राहिलेल्या दिवसांचा पगार मागितला की उत्तर ठरलेलं: 'नोटीस दिली नाहीस, आता कसला हिशोब?' ही समजूत आजची नाही.

1859 च्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तुरुंगात पाठवता येत होतं. तो 1926 मध्ये रद्द झाला आणि काम सोडणं हा गुन्हा राहिला नाही. ऊसतोड आणि वीटभट्टीवर मात्र उचलीचा धाक अजून टिकून आहे.

खरा गुंता 1936 च्या वेतन कायद्यातला. मालकाने कामावरून काढलं, तर कमावलेला पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचा, असं त्यात होतं. पण ही मुदत फक्त 'मालकाने किंवा मालकाच्या वतीने' काढलेल्यांसाठी. स्वतःहून सोडणाऱ्याला नेहमीच्या तारखेची वाट पाहावी लागे, म्हणजे हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याची 7 तारीख, नाहीतर 10. त्या शब्दांनी बरीच वर्षं खाल्ली. मालकांनी सोयीचा अर्थ काढला की सोडून जाणाऱ्याला घाईने काही देणं लागत नाही. आणि 'घाईने नाही'चं 'कधीच नाही' व्हायला वेळ लागला नाही. वास्तविक कायद्याने मुदत लांबवली होती, पगार बुडवायची मुभा दिली नव्हती.

कपातीचंही तसंच. पगारातून काय कापता येतं त्याची यादीच कायद्यात आहे: गैरहजेरी, नुकसान, उचल, पीएफ वगैरे. एकट्यादुकट्याच्या नोटीस पगाराचा त्यात वेगळा मथळा नाही. नोटिशीचा उल्लेख येतो तो एका अपवादात: दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस आणि सबळ कारण नसताना गैरहजर राहिले, तर आठ दिवसांच्या पगारापर्यंत कापता येतं, तेही करारात तशी अट असेल तरच. संपाचा तो काळ होता आणि तरतूद संपासाठीच होती. ती आज एकट्या पोराच्या राहिलेल्या पगारावर लावणं म्हणजे जाळं माशासाठी विणून चिमणी धरण्यासारखं.

1956 मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला. दुकान कायदा मग दोन्हीकडे वेगळा झाला: तिकडे महाराष्ट्रात 1948 चा मुंबईचा (2017 पर्यंत), इकडे कर्नाटकात 1961 चा. पण दोन्हींत कामावरून काढण्याआधीच्या नोटिशीचं बंधन मालकावर. सहा महिने सलग काम केलेल्याला काढायचं तर इथे महिन्याची नोटीस लागते. कामगारावरचं बंधन येतं ते नेमणूक पत्रातून, आणि मोठ्या कारखान्यात स्थायी आदेशांतून, म्हणजे कारखान्याच्या मंजूर लेखी नियमांतून. 1946 च्या कायद्यात हे आदेश बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत गेटजवळ लावायचे, असा नियम होता. मराठी कामगारांनी भरलेल्या किती गेटांवर ते मराठीत आहेत, हे ज्याने त्याने बघावं.

2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि जुना घोळ मिटला. राजीनामा देणाऱ्यालाही आता दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा. पूर्वीच्या कायद्याला पगाराची मर्यादा होती (2017 पासून महिना 24,000 रुपयांपर्यंतच्या पगारालाच तो लागू), ती गेली. एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. दावा करायची मुदत 12 महिन्यांवरून 3 वर्षं झाली. दहा जणांचा अपवाद मात्र तसाच उचलला आहे.

याचा अर्थ नोटिशीला किंमत नाही असा नव्हे. 2025 च्या मे महिन्यात, कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या बँक अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरली. पण ती करारभंगाची भरपाई होती. कमावलेला पगार अडवण्याचा प्रश्न तिथे नव्हता. पीएफ तर कामगाराचाच. आणि पाच वर्षं भरलेल्याची ग्रॅच्युइटी नोटीस न दिल्याच्या कारणावर जप्त होत नाही.

सीमेवरच्या माणसाने एक मात्र लक्षात ठेवावं. दावा साधारणपणे काम जिथे केलं तिथल्या राज्यात लागतो. चंदगडचा माणूस उद्यमबागेत राबला असेल तर अर्ज बेळगावात, आणि निपाणीचा माणूस कागलला राबला असेल तर कोल्हापुरात.