होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांपासून सुरुवात केली. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून आलेले रेणुजीवशास्त्रज्ञ. त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिकही शिक्षकांच्या प्रशिक्षणाला येत. १९७८ मध्ये उपक्रम जिल्हाभर गेला. १९८२ पासून त्याची धुरा एकलव्य संस्थेकडे होती.

‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत. उत्तरे मुलांनी शोधायची. मूळ आणि पान हा त्यातला पाठ पाहण्यासारखा आहे. मुलांनी बांधावरची रोपे मुळासकट उपटून आणायची, पानांच्या शिरांवरून त्यांचे गट पाडायचे, मग मुळांवरून पाडायचे आणि दोन्ही याद्या शेजारी मांडायच्या. जाळीदार शिरा असल्या की सोटमूळ, समांतर असल्या की तंतुमुळे, हा मेळ त्यांचा त्यांनाच दिसतो. आता नुसत्या पानावरून मुळाचा अंदाज करता येतो, आणि रोप उपटून तो तपासताही येतो. एकदल-द्विदलाची व्याख्या घोकण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड, आणि खर्च जवळजवळ शून्य.

स्वस्त साहित्याचा ध्यास इथे पहिल्यापासून होता. पुण्याच्या टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये तिथे गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून आकार बनवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हटत नाही. का, ते मुलांनी सांगायचे.

उपक्रमाचा खरा कस परीक्षेत होता. आठवीला प्रात्यक्षिक असे आणि लेखी पेपरला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा असे. मग पाठांतराचे प्रश्न विचारून उपयोग काय? पेपर काढणाऱ्यालाही डोके चालवावे लागे. परीक्षेला हात न लावणाऱ्या बहुतेक शिक्षणसुधारणा वर्गाच्या दारातच अडतात, ही गोष्ट या मंडळींनी लवकर ओळखली होती. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्र टाकून मुले मनातले प्रश्नही विचारत.

नववीपासून मात्र पुन्हा नेहमीचाच अभ्यासक्रम होता. तिथे ही मुले मागे पडतात, अशी विरोधकांची तक्रार असे. २००२ मध्ये राज्य सरकारने उपक्रम बंद केला. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक निघू लागले.