खऱ्या अर्थानं साल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक संदेश फिरत आला. सफरचंदाचा फोटो, देठाच्या खळग्याभोवती तपकिरी खरखरीत पट्टा, त्यावर लाल बाण आणि खाली मजकूर : असा डाग दिसला तर फळ ॲसिडनं भाजलेलं आहे, खाऊ नका, सगळ्यांना पाठवा. दुसऱ्या दिवशी दादरला फळं घ्यायला गेलो, तर नेहमीच्या मावशींनी माझ्या हातातलं पिवळं गोल्डन सफरचंद काढून परत टोपलीत ठेवलं. "ते नको काका, डागी आहे. हे घ्या, कसं चकचकीत आहे बघा." मी डागीच घेतलं. घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि संध्याकाळ त्यातच गेली. हा लेख त्या डागाबद्दल आहे. तो मुळात डाग नाहीच.

देठाजवळ बोटभर दिसणारी ही खरखर जगातल्या काही जुन्या सफरचंदांच्या अंगभर असते. त्यांना रसेट म्हणतात. रसेट हे मूळ एका जाड्याभरड्या, तांबूस तपकिरी कापडाचं नाव. आपल्याकडे एखाद्या फळाला 'घोंगडी' म्हणावं तसं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं रॉक्सबरी रसेट सतराव्या शतकातलं आहे आणि तिथली ती सगळ्यात जुनी जात मानली जाते. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला १७०० च्या सुमारास ॲशमीड्स कर्नल मिळालं. एग्रेमाँट रसेटची पहिली नोंद १८७२ सालची. ही फळं फळीवर ओळीनं मांडून ठेवली, तर दुरून बघणारा मुंबईकर त्यांना चिकू म्हणेल.

मी एग्रेमाँट पहिल्यांदा खाल्लं ते पुतणीकडे, इंग्लंडमध्ये, ऑक्टोबरात. साल जिभेला कोरडी लागली. आतला गर घट्ट, कमी रसाळ, गोडीबरोबर अक्रोडासारखी तुरट चव, आणि शेवटी कुठेतरी नासपतीचा वास. इथे मिळणाऱ्या लाल डिलिशियसमध्ये पाणी आणि गोडी असते. यात चवीचे थर होते.

आता मुद्द्याचं. मराठीत आपण फळाच्या आवरणालाही साल म्हणतो आणि झाडाच्या खोडावरच्या आवरणालाही सालच म्हणतो. वनस्पतिशास्त्रात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गुळगुळीत सफरचंदाची साल म्हणजे अपित्वचा, म्हणजे जिवंत पेशींचा एकच थर, आणि त्यावर उपत्वचा. उपत्वचेत पेशी नसतात. पेशींनी बाहेर टाकलेला तो एक पापुद्रा असतो, क्युटिन नावाच्या पदार्थाचा, आणि त्यात व त्यावर मेण. हे मेण सफरचंद स्वतः तयार करतं. (बाजारात वरून मेण लावतात हेही खरं, पण सुरीनं खरवडून दाखवलेला प्रत्येक पांढरा चुरा काही 'केमिकल' नसतो.) झाडाच्या खोडावर मात्र काही काळानं अपित्वचा उरतच नाही. तिच्या जागी त्वक्षा येते. त्वक्षा म्हणजे बूच, बाटलीला लावतात तेच. रसेट सफरचंद आपल्या फळावर हीच त्वक्षा तयार करतं. एरवी सैलपणे वापरलेला 'साल' हा शब्द या एका फळाला दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

हे घडतं कसं? पाकळ्या गळल्यानंतरचे पहिले चार-सहा आठवडे फळ फार झपाट्यानं वाढतं. आतल्या पेशी विभागत असतात, घेर वाढत असतो आणि वरच्या पापुद्र्यावर ताण येत असतो. अपित्वचेच्या पेशी वाढून, विभागून हा ताण निभावतात. उपत्वचेला ते जमत नाही, कारण ती जिवंत नाही. खालून नवा माल येत राहिला तरच ती पुरते. त्यात फळाचा पृष्ठभाग दिवसेंदिवस ओला राहिला, पाऊस किंवा दव पडत राहिलं, की तिला केसाहून बारीक भेगा पडतात. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पण भेग पडली की आतली वाफ बाहेर जायला आणि बाहेरचा ऑक्सिजन आत यायला वाट मिळते. फळाच्या दृष्टीनं ही जखमच.

आणि इथे ते घडतं, ज्यासाठी मी वनस्पतिशास्त्रात रमलो. अपित्वचेच्या लगेच खालच्या थरातल्या पेशी, ज्या आपलं काम ठरवून बसलेल्या, प्रौढ पेशी होत्या, त्या पुन्हा विभागायला लागतात. त्यांचा एक पातळ पडदा तयार होतो. त्याला त्वक्षाकर म्हणतात, म्हणजे त्वक्षा करणारा. हा पडदा बाहेरच्या बाजूला विटांसारख्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशी रचत जातो. प्रत्येक पेशी आपल्या भिंतींवर आतून सुबेरिनाचे थर चढवते आणि मग मरते. मेल्यावरच ती खरी उपयोगी पडते. तिच्याही बाहेर राहिलेल्या मूळच्या अपित्वचेचा आतल्या पेशींशी संबंध तुटतो, आणि ती वाळून कोंड्यासारखी झडते. आपल्या बोटाला लागते ती खरखर या मेलेल्या पेशींच्या थराची.

सुबेरिन म्हणजे काय, हे थोडं रसायनशास्त्रात जाऊन सांगावं लागेल. क्युटिन आणि सुबेरिन ही भावंडं आहेत. दोन्ही मेदाम्लांच्या साखळ्या एकमेकींना जोडून बनलेले नैसर्गिक पॉलिएस्टर आहेत. क्युटिनमधल्या साखळ्या बहुतांशी १६ आणि १८ कार्बनच्या. सुबेरिनमध्ये त्याहून लांब साखळ्याही असतात, शिवाय ग्लिसरॉल आणि फेरुलिक आम्लासारखे वलयाकार रेणू गुंफलेले असतात. पेशीनं या दोन्हींपैकी काय बनवायचं, हे जनुकं ठरवतात. सफरचंदात एसएचएन-३ नावाचं एक जनुक उपत्वचा नीट घडवायला लागतं. ते 'शाइन' नावाच्या घराण्यातलं आहे. हे नाव पडलं, कारण या घराण्यातलं जनुक जास्त चालवल्यावर एका प्रयोगातल्या रोपाची पानं चकाकायला लागली. रसेट सफरचंदाच्या सालीत एसएचएन-३ मंद चालतं असं आढळलं आहे. उलट एमवायबी-९३ नावाचं दुसरं जनुक जोरात असतं, आणि ते सुबेरिन बनवणारी सगळी यंत्रणा सुरू करतं. म्हणजे गुळगुळीत जातीत भेग पडणं हा हवामानाचा अपघात असतो, तर रसेटमध्ये भेग पडणं आणि ती बुचानं बुजणं हा जातीचा स्वभाव असतो.

त्वक्षा आपल्या घरात इतकी आहे की आश्चर्य वाटावं. बटाट्याची साल त्वक्षाच आहे. बटाटा कापून दमट जागी काही दिवस ठेवला, तर कापलेल्या तोंडावर नवी त्वक्षा धरते. म्हणून तर बेण्याच्या फोडी कापल्या कापल्या लावत नाहीत. डहाणू-घोलवडच्या चिकूवरचा तपकिरी भुसा हीच वस्तू आहे. चिकू तयार झाला का हे बघताना बागायतदार तो भुसा बोटानं झाडून, नखानं ओरखडून खालचा रंग हिरवा आहे की पिवळसर ते पाहतात. खरबुजावरची जाळी? तीही तीच. खरबूज फुगतं, सालीला भेगा पडतात, भेगांत बूच भरतं. उन्हाळ्यात आपण 'जाळी दाट आहे, गोड निघेल' म्हणून तेच खरबूज निवडतो आणि पावसाळा सरल्यावर त्याच ऊतीचं सफरचंद डागी म्हणून बाजूला सारतो. हे मला पटत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १६६५ साली त्यातल्या रिकाम्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं. 'पेशी' या कल्पनेचा इतिहासच त्वक्षेपासून सुरू होतो.

आणि भूर्जपत्र! हिमालयातल्या भूर्ज वृक्षाच्या त्वक्षेचे पापुद्रे. गणिताचं प्राचीन बक्षाली हस्तलिखित त्यावरच लिहिलेलं आहे. ते टिकलं, कारण सुबेरिन पाणी अडवतं आणि सालीतलं बेट्युलिन बुरशीला दाद देत नाही. आज पूजासाहित्याच्या दुकानांत भूर्जपत्राचे तुकडे यंत्रं लिहायला, ताईतात घालायला विकले जातात, आणि त्यापायी हिमालयातली झाडं सोलली जातात. त्या तुकड्यात जी शक्ती आहे ती मी वर सांगितली. नोकरी लावणारी किंवा साडेसाती टाळणारी दुसरी कुठलीही त्यात नाही.

पुन्हा त्या संदेशाकडे. त्यात खरं किती? तांबं किंवा गंधक असलेली फवारणी कोवळ्या फळावर चुकीच्या वेळी झाली, तर गुळगुळीत जातीतही अशी खरखर येते. कडाक्याच्या थंडीनं येते, नुसत्या ओल्या हवेनंही येते. पण ती फळानं स्वतः भरून काढलेली जखम आहे. त्यावरून फळात ॲसिड आहे असं ठरत नाही, आणि ते खायला काही धोका नाही. खवड्या रोग वेगळा, त्याचे ठिपके काळपट हिरवे, मखमली असतात आणि पुढे तडकतात. गोल्डनच्या बागायतदारांना ही खरखर नको असते, कारण भाव पडतो. म्हणून काही देशांत कोवळ्या फळांवर जिबरेलिन नावाचं संप्रेरक फवारतात. चकाकी हवी म्हणून एक फवारणी जास्त, हे गिऱ्हाइकांना सहसा माहीत नसतं.

रसेटची एक खरी अडचण आहे. फळावरचं हे बूच पातळ आणि तडकलेलं असतं, अखंड मेणाच्या पापुद्र्याइतकं पाणी ते धरत नाही. कोरड्या हवेत रसेट लवकर सुरकुततं. म्हणून जुने लोक ते दमट, थंड तळघरात ठेवत. तसं ठेवलं की ते खुलतं. ॲशमीड्स कर्नल ऑक्टोबरात उतरवतात तेव्हा आंबट असतं, आणि डिसेंबरनंतर खावं असं म्हणतात. मधल्या काळात उरलेल्या पिष्टाची साखर होते, आम्ल उतरतं. अमेरिकेत रॉक्सबरी आणि गोल्डन रसेट साइडरसाठी, म्हणजे आंबवलेल्या रसासाठी, पिढ्यान् पिढ्या नावाजलेली आहेत. फ्रान्समध्ये रेनेट ग्रीझ द्यु कॅनडा हे रसेट भाजून, टार्टमध्ये घालून खातात.

मग हे इथे लावता येईल का? हा प्रश्न मला गच्चीत बाग करणारे मित्र हमखास विचारतात. मुंबईत नाही. अशा जातीच्या कळीला हिवाळ्यात साधारण ७ अंशांखाली ८०० ते १००० तास किंवा त्याहूनही जास्त काढावे लागतात, त्याशिवाय ती नीट उमलत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं नीचांकी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे उपनगरांतल्या त्या सर्वांत थंड पहाटेनंही झाडाच्या खात्यात एक तास जमा केला नसता. हिमाचलच्या बिलासपूरमधल्या हरिमन शर्मांनी शोधलेल्या एचआरएमएन-९९ सारख्या कमी थंडीच्या जाती आहेत, पण त्या रसेट नाहीत. 'कुठेही लावा, वर्षात फळ' म्हणून ऑनलाइन विकली जाणारी रोपं घेण्याआधी जात आणि थंडीचे तास विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे वाचवा. बी पेरूनही उपयोग नाही. सफरचंदाचं बी आईसारखं झाड देत नाही, म्हणून ३०० वर्षांपूर्वीचं ॲशमीड्स कर्नल आज आहे ते कलमावर कलम करत. परदेशातून पिशवीत काडी घालून आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला परवाना आणि तपासणी लागते, आणि ते नियम रोग रोखण्यासाठी आहेत.

दादरहून आणलेलं ते डागी गोल्डन मी चार भाग करून घरच्यांना दिलं. देठाकडचा तुकडा माझ्याकडे ठेवला. दहापट भिंगाखाली तो पट्टा उन्हाळ्यात तडकलेल्या तळ्याच्या गाळासारखा दिसतो, आणि तुकड्यांमधल्या फटींत कुठेकुठे पिवळी, चकचकीत अपित्वचा अजून तग धरून असते. शेजारी चिकू ठेवून बघा. पिवळी बेटं वगळली, तर दोन्हींत फरक सांगायला मलाही वेळ लागला.