एकाच घरात सीआरपी ३ आणि सीआरपी ८६

परवा सारसबागेत सकाळी फिरताना एक ओळखीचे काका म्हणाले, "मला कोविड झाला ते कळलंसुद्धा नाही, आपली इम्युनिटी स्ट्राँग आहे." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहायलाच बसलो. कारण ऑगस्ट २०२० मध्ये आमच्याच घरात आई आणि दादा एकाच दिवशी पॉझिटिव्ह आले. आई ६७ वर्षांची, तिला काही म्हणजे काहीच नाही, आतल्या खोलीत बसून शेंगा सोलत होती. दादा ४२ चा, रोज पर्वती चढणारा, त्याला सातव्या दिवशी १०२ ताप आणि ऑक्सिजन ९१. दोघांचे रिपोर्ट अजून फाइलला आहेत. आईचा सीआरपी ३, दादाचा ८६.

सीआरपी हे लिव्हरनं बनवलेलं प्रोटीन. शरीरात कुठेतरी दाह पेटला की आयएल-६ नावाचा निरोप्या रक्तातून लिव्हरपर्यंत जातो आणि मग सीआरपी वाढतो, म्हणजे ८६ हा आकडा व्हायरस किती आहे ते सांगत नाही, आपलं शरीर किती पेटलंय ते सांगतो. आणि लक्षणं नसलेल्यांच्या नाकातही व्हायरस बऱ्याचदा लक्षणंवाल्यांइतकाच सापडलाय. आईसारखी माणसं थोडीथोडकी नव्हती. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १६६४ जणांचं रक्त तपासलं तेव्हा ५१ टक्क्यांहून जास्त लोकांत अँटिबॉडी निघाल्या, त्यातल्या बहुतेकांना लागण झाल्याचा पत्ताही नव्हता.

मग फरक पडतो कुठे? मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि हा भाग मला प्रचंड आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. व्हायरस पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएच्या (म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराच्या) प्रती काढायला लागतो, त्या गडबडीत लांब दुपेडी आरएनए तयार होतो. आपल्या पेशीत असा आरएनए एरवी सहसा नसतोच, म्हणून एमडीए-५ नावाचं प्रोटीन त्याला लगेच पकडतं आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन सोडते. (हा इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी शोधला.) तो शेजारच्या पेशीवर जाऊन चिकटतो, तिच्या आत स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही निरोप नेणाऱ्या प्रोटीनची जोडी केंद्रकात शिरते आणि शेकडो जीन एकदम चालू होतात, कुणी आरएनए तोडतं, कुणी प्रोटीन बनवणंच थांबवतं. म्हणजे व्हायरस पोचायच्या आधीच शेजाऱ्यांनी दारं लावून घेतलेली असतात. पण हा व्हायरसही कमी नाही, त्याचं ओआरएफ-६ हे प्रोटीन केंद्रकाच्या दारातच अडून बसतं, स्टॅट बाहेर अडकतो आणि निरोप पोचतच नाही.

ज्याच्याकडे इंटरफेरॉन वेळेवर सुटला त्याचं काम तिथेच आटपतं. ज्याच्याकडे उशीर झाला तिथे व्हायरस वाढतो, पेशी मरतात, फुटतात, त्यांच्या आतला माल बाहेर सांडतो, तो साफ करायला मोनोसाइट या पांढऱ्या पेशी धावतात आणि आयएल-६, टीएनएफ असे दाह पेटवणारे निरोपे ओतायला लागतात. मेंदूला निरोप गेला की ताप, लिव्हरला गेला की सीआरपी, आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या की ऑक्सिजन खाली. २०२० मध्येच कासानोव्हा या संशोधकाच्या टीमला अतिगंभीर ९८७ पेशंटपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य असलेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती.

सिंगापूरच्या संशोधकांनी टी-पेशी (व्हायरस ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तपासल्या तेव्हा अजून एक गोष्ट दिसली. बिनलक्षणवाल्यांत टी-पेशींची संख्या साधारण तेवढीच, पण त्या इंटरफेरॉन-गॅमा (इंटरफेरॉनचाच वेगळा प्रकार) आणि आयएल-२ हे लढाईचे निरोपे जास्त सोडत होत्या आणि बरोबरीनं दाह शांत करणारा आयएल-१० सुद्धा. म्हणजे लढाई झालीच, पण पेटवणारे आणि विझवणारे बरोबर चालले.

म्हणून "इम्युनिटी बूस्टर" या शब्दाची मला मनापासून चीड येते. कोविडच्या काळात काढे, गोळ्या, थेंब, काय काय विकलं गेलं, आणि बूस्ट नेमकं काय करायचं ते कुणीच विचारलं नाही. दादाची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून त्याचा ऑक्सिजन उतरला नव्हता, त्या वेळी ती मोकाट सुटली होती. त्याला दिलं ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जे प्रतिकारशक्ती दाबतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये या स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. सुरुवातीला, इंटरफेरॉनचं काम चालू असताना, स्टेरॉइड घेणं म्हणजे दारं लावणाऱ्यांचेच हात धरणं. दुसऱ्या लाटेत व्हॉट्सॲपवरचं प्रिस्क्रिप्शन बघून लोकांनी दुसऱ्याच दिवशी ते सुरू केलं, डायबेटिस असतानाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

दादाला ते आठव्या दिवशी सुरू झालं. बाराव्या दिवशीचा रिपोर्ट फाइलमध्ये आईच्या रिपोर्टच्या मागेच लावलाय, सीआरपी २२.