बाबागाडी, कार सीट आणि नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात सायंकाळी नागपुरातील फुटाळा तलावाच्या काठावर फिरायला आणलेल्या बऱ्याच बाबागाड्यांवर टपापासून थेट पायांपर्यंत मलमलचे दुपटे किंवा सुती ओढणी पसरलेली असते. बाळाला झळ लागू नये हा त्यामागचा हेतू असतो, आणि कापड पातळ असल्यामुळे आत हवा खेळतेच असा समज असतो. मोजमाप केल्यावर मात्र हा समज टिकत नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोरड्या मलमलने पूर्ण झाकलेल्या बाबागाडीच्या आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअसने वाढले. तेच कापड ओले ठेवून जोडीला लहानसा पंखा लावला, तेव्हा आतील तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे ५ अंशांनी उतरले.

पातळ कापडातूनही ऊन आत शिरते आणि आतील गादी, पट्टे व आसन तापवते. ही उष्णता आणि बाळाच्या अंगाची उष्णता एरवी वाऱ्याबरोबर निघून जाते. कापड नेमका तो वारा अडवते. त्यात तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते आणि घाम गाळून अंग थंड करण्याची क्षमता कमी असते. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की मोठ्या त्वचेचा उपयोग उष्णता बाहेर टाकण्यासाठी न होता ती शोषून घेण्यासाठी होऊ लागतो.

ओल्या कापडामागचे तत्त्व नागपूरकराला नव्याने शिकवण्याची गरज नाही. मार्च सरता सरता खिडकीत बसणारा कूलर त्याच तत्त्वावर चालतो: एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता भोवतालातून घेतली जाते, आणि मे महिन्यातील कोरड्या हवेत ही वाफ झपाट्याने होते. पावसाळा लागला की हाच कूलर खोलीत नुसती चिकचिक वाढवतो, कारण दमट हवेत पाणी सुकतच नाही. ओल्या दुपट्याचेही तसेच आहे. उन्हाळ्यात ते उपयोगी पडते, जुलैत पडत नाही, आणि लक्ष न दिल्यास थोड्या वेळात सुकून कोरड्या, म्हणजे अधिक घातक, कापडात त्याचे रूपांतर होते. त्यामुळे बाबागाडी निवडताना रंगसंगतीपेक्षा तिच्या बाजूंना जाळी आहे का, टप पुरेसा खोल आहे का आणि टपाच्या मागची पट्टी उघडून वारा आरपार जाऊ देता येतो का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. तरीही पारा ४५ अंशांवर असताना ५ अंश कमी झाले तर उरतात ४०. नवतप्यातील, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांतील, दुपारी बाळाला बाहेर काढण्याजोगे कोणतेही साधन बाजारात मिळत नाही.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा हिशेब याहून कठोर आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा जराशा खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला मोटारीत ठेवून जाणे कोणत्याही ऋतूत धोक्याचे आहे. शिवाय उन्हात तापलेल्या कार सीटच्या बकलाचा धातू बाळाच्या नाजूक मांडीला पोळू शकतो. बसवण्यापूर्वी बकल स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूला टेकवून पाहावे आणि मोटार उभी करताना सीटवर पांढरी चादर टाकून ठेवावी.

कार सीट मुळात कशासाठी असते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. सात किलो वजनाचे बाळ ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत मांडीवर आहे आणि धडकेत मोटार एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर बाळाला जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे ८० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तो जोर, तोही नकळत आणि क्षणार्धात, कोणत्याही आईवडिलांच्या हातांत येत नाही. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते, आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसून त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात. तोंड पुढे करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांमुळे अडते, पण जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. तेच बाळ मागे तोंड करून बसले असेल, तर डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. कार सीटसाठीच्या युरोपच्या आर१२९ मानकाने किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक केले आहे, आणि स्वीडनमध्ये मुलांना चार वर्षांची होईपर्यंत तसे बसवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मात्र बाळाला समोरचे दिसावे या हौसेने वर्ष भरण्याआधीच सीट फिरवली जाते, याचे वाईट वाटते. अशी मागे तोंडाची सीट पुढच्या आसनावर, चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट डोक्यामागे आदळते.

पट्टे किती आवळावेत, याबद्दल घरोघरी मतभेद असतात. कसोटी सोपी आहे: खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून त्याची घडी पडत असेल, तर तो सैल आहे. डिसेंबरच्या कडाक्यात जाड स्वेटरवरून बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, परंतु धडकेत लोकर दबते आणि तेवढी ढिलाई बाळाला पुढे सरकू देते. स्वेटर काढून पट्टे बांधावेत आणि वरून शाल पांघरावी. महागडी सीट सैल पट्ट्यांनी वापरण्यापेक्षा मानकाची खूण असलेली साधी सीट नीट वापरणे केव्हाही चांगले. अपघात झालेल्या मोटारीतील जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्या प्लॅस्टिकमधील बारीक तडे बाहेरून दिसत नाहीत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसल्यास १,००० रुपये दंड आहे.

नागपुरातील अनेक बाळांचा पहिला प्रवास मात्र दुचाकीवरचा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून पुढे मुलाच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा पट्टा ३० किलो वजन पेलणारा असावा, अशीही अट आहे. छातीशी बाळ बांधण्याच्या ज्या पिशव्या दुकानांत मिळतात, त्या चालण्यासाठी असतात. त्या घालून स्कूटर चालवणे म्हणजे धडकेत बाळाला हँडल आणि स्वतःचे शरीर यांच्यामध्ये ठेवणे होय. नऊ महिन्यांखालील बाळाच्या मानेला हेल्मेटचे वजनही झेपत नाही. माझ्या मते या वयात दुचाकीचा प्रवास टाळून ऑटो पाहावा.

झोपेच्या साधनांत प्रश्न श्वासनलिकेचा असतो. बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, डोके जड असते, आणि हनुवटी छातीला टेकली की ती नलिका दबते. आवाजही न होता श्वास कमी पडू शकतो. म्हणूनच प्रवास संपल्यावर कार सीटमध्ये झोपलेल्या बाळाला तसेच न ठेवता सपाट, घट्ट गादीवर उताणे निजवावे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने १० अंशांहून अधिक उताराच्या झोपण्याच्या साधनांवर बंदी घातली, ती याच कारणाने. आपली साडीची झोळी या कसोटीवर कमी पडते: बाळ तिच्यात गोल वळते, हनुवटी छातीकडे जाते आणि कापड तोंडाशी येते. जागेपणी, डोळ्यांसमोर झुलवायला हरकत नाही. रात्रभराच्या झोपेसाठी ती नको. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही मला अनावश्यक वाटते. ती मान पुढे झुकवते, आणि शिवण उसवली तर दाणे तोंडात जातात. लाकडी पाळण्याच्या दांड्यांमधील फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे अंग निसटून डोके अडकण्याचा धोका राहत नाही.

चाकांच्या वॉकरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यात बसलेले मूल सेकंदाला मीटरभर पुढे जाते, म्हणजे पायऱ्यांपाशी किंवा उकळत्या चहापाशी पोहोचण्यापूर्वी त्याला अडवायला वेळ उरत नाही, आणि चालायला ते लवकर शिकते असेही आढळलेले नाही. जुना पांगुळगाडा त्यापेक्षा बरा: त्यात मूल स्वतःचे वजन स्वतः पेलून गाडा ढकलते आणि आपली पावले पाहू शकते. त्यालाही सपाट फरशी आणि शेजारी एक मोठे माणूस हवेच.

खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. इतवारीच्या बाजारात स्वस्तात मिळणारा दिवे लुकलुकणारा खुळखुळा घेताना ते चिन्ह शोधावे, आणि त्याबरोबर बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे की नखाने उघडते हेही पाहावे. आतील बटण सेल, म्हणजे बटणाएवढी चपटी बॅटरी, गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या संपर्काने विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांच्या आत तेथील ऊती भाजू शकतात. असा संशय आला, तर बाळाला उलटी करवण्याचा प्रयत्न न करता क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे.