बीप वाजल्यावर आधी हात आवरा
मेटल डिटेक्टर घेऊन माळरानावर, शेतात, किनाऱ्यावर फिरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमच्याकडे डिटेक्टर दुरुस्तीला येतो तेव्हा बहुतेक वेळा एक हकिकतही सोबत येते. कॉइलची, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या धातू शोधणाऱ्या चकतीची, वायर तुटली, कारण माणूस खड्ड्यात पडला. दांडा वाकला, कारण उतारावर पाय घसरला आणि त्याच दांड्याचा आधार घेतला. यंत्र आम्ही नीट करून देतो. पण ते टेबलावर ठेवणाऱ्या हाताला पट्टी दिसली की विचारल्याशिवाय राहवत नाही. या विचारपुशीतून जे कळलं आणि जे आमच्या स्वतःच्या अंगावर बेतलं, ते या पत्रकात आहे.

बहुतेक हकिकतींत एक गोष्ट सारखी असते. शोधत चालताना माणूस सावध असतो. इजा होते ती बीप वाजल्यानंतर. कानात स्वच्छ सूर आला की सगळा जीव त्या वीतभर जमिनीत गोळा होतो आणि डोळ्यांनी बघायच्या आत हात मातीत गेलेला असतो.

बोटांनी माती उकरू नका

माझ्या उजव्या तर्जनीच्या पेरावर एक आडवा व्रण आहे. सिग्नल चांगला होता. खुरप्याने ढेकूळ बाहेर काढलं आणि उरलेली माती बोटांनीच चाचपू लागलो. आत फुटक्या बाटलीचा गळा उभा होता. काच डिटेक्टरला कळत नाही; वाजलं होतं ते त्या बाटलीचं पत्र्याचं झाकण. यंत्राने ‘इथे धातू आहे’ एवढंच सांगितलं होतं, शेजारी आणखी काय आहे ते सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

म्हणून जाड हातमोजे घाला, आणि दोन्ही हातांत घाला. आमचे पुष्कळ ग्राहक फक्त खोदणाऱ्या हातात घालतात. कापतो तो माती धरणारा दुसरा हात. पात्याला मूळ आडवं आलं की जोर वाढतो, मूळ तुटतं आणि पातं थेट समोरच्या हातावर जातं. पात्याच्या वाटेत हात ठेवू नका. सिग्नलच्या डोक्यावर खुपसण्याऐवजी चार बोटं बाजूला खोदून ढेकूळ खालून उचला, वस्तूही वाचते. मग पिनपॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या डिटेक्टरने, जागा नक्की करा, माती काडीने मोकळी करा.

जखम झालीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. गंजलेल्या लोखंडामुळे धनुर्वात होतो असं अनेकांना वाटतं. खरं तर त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीतच असतात आणि खोल, अरुंद, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते वाढतात. म्हणजे काट्याने किंवा काचेनेही तोच धोका. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात, त्यामुळे वरून जखम भरली म्हणून निर्धास्त होऊ नका. लसीचा बूस्टर दर १० वर्षांनी घ्यायचा असतो. जखम मातकट किंवा खोल असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

बागेत किंवा किनाऱ्यावर इंजेक्शनची सुई बोटात गेली तर जखम पिळू नका, चोखू नका. धुवा आणि थेट रुग्णालय गाठा. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली.

कोपर

‘एवढंसं तर वजन आहे,’ असं यंत्र घेताना सगळेच म्हणतात. किलो-दीड किलोच असतं. पण ते लांब दांड्याच्या टोकाकडे ओढतं, आणि दोन सेकंदांना एक झोका धरला तरी तासाला १,८०० झोके होतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ येते तिला टेनिस एल्बो म्हणतात. ती एकदा धरली की महिनोन्‌महिने सोडत नाही.

यावरचा उपाय यंत्र लावण्यातच आहे. ताठ उभे राहा, हात सैल सोडा. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, जमिनीला समांतर राहिली पाहिजे. त्यासाठी वाकावं लागत असेल तर दांडा आखूड आहे. खांदा उचलावा लागत असेल तर लांब आहे. हाताचा टेकू कोपराच्या जरा खाली यावा. मूठ घट्ट आवळू नका. झोका अंगासमोरच ठेवा, फार रुंद नको. अधूनमधून हात बदला. बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवसापुरतं थांबा. ‘हा एवढा पट्टा संपवतो’ म्हणून ओढत नेणारेच नंतर पट्टा बांधून येतात.

खणताना कमरेत वाकू नका, एक गुडघा टेका आणि त्याखाली जाड पॅड घ्या.

कान आणि पाय

दोन्ही कान हेडफोनने झाकले की मागून आलेलं वाहन, बैल, माणसाची हाक काहीच कळत नाही. एक कान मोकळा ठेवा. नजर कॉइलवर खिळलेली असते, त्यामुळे विहिरीचा काठ किंवा नदीची खालून पोखरलेली दरड पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. नव्या जागी आधी यंत्र बंद ठेवून एक फेरी मारा.

दगड किंवा पत्रा हाताने उलटू नका. लांब दांड्याच्या अवजाराने पलीकडची कड उचला, म्हणजे खाली साप असलाच तर तुमच्या दिशेने मोकळी वाट होणार नाही. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. चावलेला अवयव हलू न देता रुग्णालयात न्या.

लोखंडाचा मोठा, खोल सिग्नल

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. हातात धरायचे हे डिटेक्टर सुरुंग शोधण्यासाठीच नावारूपाला आले. पोलंडचे अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी दुसऱ्या महायुद्धात असं यंत्र तयार केलं आणि १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत ते वापरलं गेलं. वाळूत पुरलेलं लोखंड शोधण्यात आजची यंत्रंही तितकीच तरबेज आहेत; फरक एवढाच की आपल्याला स्फोटकं हाताळायचं शिक्षण नाही. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले तोफगोळे अजून दरवर्षी नांगराला लागतात. शंभर वर्षांनी दारू मेली असेल, असं कृपा करून धरू नका. गंजलेला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, उलट जास्त बेभरवशाचा होतो.

निमुळतं टोक, मागे पंख, किंवा अंगाभोवती तांब्याचं कडं दिसलं की खुरपं जिथे आहे तिथेच सोडा. ओढू नका, माती झटकू नका, फोटोसाठी फिरवू नका, गाडीत तर मुळीच घालू नका. आल्या पावली मागे या, लांबून खूण लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा. सोबतच्यांनाही तिकडे फिरकू देऊ नका.

याच जातीचा आणखी एक धोका किनाऱ्यावर आहे. बाल्टिक समुद्रालगत, जर्मनीच्या उजेडोम बेटावर, युद्धातल्या बाँबमधला पांढरा फॉस्फरस अंबरच्या, म्हणजे दगड झालेल्या पिवळसर राळेच्या, खड्यासारखा दिसतो. ओला असतो तोवर शांत. खिशात वाळला की ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटतो. उचललेली कुठलीही अनोळखी वस्तू खिशात ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात, अंगापासून दूर ठेवा.

उरलेलं थोडक्यात

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. मोकळ्या मैदानात तुम्हीच सगळ्यांत उंच असता. वाळूत गुडघ्यापेक्षा खोल खड्डा करू नका. कोरड्या वाळूच्या भिंती न सांगता ढासळतात. प्रत्येक खड्डा बुजवा, नाहीतर त्यात दुसऱ्याचा किंवा गुराचा पाय मोडतो. जुन्या गोळ्या आणि शिशाचे तुकडे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. पेसमेकर असेल तर यंत्र घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि चालू कॉइल छातीजवळ आणू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, आमच्याकडे घेऊन या.

दांडा तुमच्या उंचीला बसवून द्यायला आम्हाला दहा मिनिटं लागतात, आणि यंत्र आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी चालेल. येताना बाहेर फिरताना जे बूट घालता तेच घालून या. टाचेच्या उंचीनेही माप बदलतं.